सातवीच्या मुलांचा वनराई बंधारा

रत्नागिरी, २८ सप्टेंबर

प्रिय मित्रा,

सातवीच्या चाळीस मुलांना घेऊन शाळेमागच्या पऱ्यावर (ओढ्यावर) मातीच्या गोण्या रचून तात्पुरता वनराई बंधारा घालायचा म्हणतोस. जरूर घाल. फक्त हा फोटोपुरता कार्यक्रम होऊ देऊ नकोस.

तारीख आधी पक्की करू नकोस. परतीचा पाऊस बाकी असताना घातलेला बंधारा एका सरीत वाहून जातो, आणि डिसेंबर उजाडू दिलास तर अडवायला पाणीच उरत नाही. आपल्याकडे ऑक्टोबरची अखेर बरी. धार घोट्याएवढी आणि पाणी नितळ झालं की समजायचं, वेळ आली. ग्रामपंचायतीला आणि दोन्ही काठांवरच्या शेतमालकांना आधी सांग. पाणी तुंबून कुणाच्या कुळथात शिरलं तर पुढच्या वर्षी तुला कुणी फावडंसुद्धा देणार नाही. कृषी खात्याच्या माणसाला जागा दाखव. काठ उंच, पात्र अरुंद, वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, उतार कमी, अशी जागा हवी.

आता हिशोब. पात्र ४ मीटर रुंद आणि बंधारा पाऊण मीटर उंच धर. मुलांच्या कामाला याहून उंच नकोच. तळाची जाडी १.२ मीटर, म्हणजे प्रवाहाच्या दिशेनं दोन गोण्या. माथ्याला एक पुरते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या १८० तरी जमव, त्यातल्या काही फाटक्या निघणारच. त्या झटकायचं काम मोठ्यांनी करायचं, तेही आदल्या दिवशी, वाऱ्याकडे पाठ करून. ओल्या हाताला सिमेंट लागलं की कातडी सोलवटते आणि डोळ्यांत गेलं तर निस्तरणं कठीण.

सगळ्यात जास्त चूक होते ती भरण्यात. पाऊण भरलेली गोणी ४० किलोच्या घरात जाते. बारा-तेरा वर्षांच्या पोरानं ती उचलायचीच नाही. म्हणून माती गोणीपाशी न्यायची, गोणी मातीपाशी नाही. मुलांची साखळी कर, अर्धं घमेलं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाऊ दे. अशी तीन घमेली पडली की गोणी अर्धी भरते. ती बांधावरच भरायची, दोघांनी तोंड धरायचं, तिसऱ्यानं ओतायचं. अर्धी गोणी नीट पसरते आणि सांधा चांगला बसतो. गच्च भरलेली गोल होते आणि दोन गोण्यांमध्ये फट राहते. नुसती वाळू भरलीस तर पाणी झिरपत राहील, म्हणून चिकट माती मिसळ. दाभण-सुतळी मुलांच्या हाती नको. तोंड दुमडून मोठ्यांनी चार टाके घालायचे आणि ते तोंड पुढच्या गोणीखाली दाबायचं.

पाया मात्र मन लावून कर. पात्रातले सुटे दगड, पालापाचोळा, सैल वाळू काढून वीतभर चर खण. तो चर दोन्ही काठांत हातभर आत ने. बंधारा फुटतो तो बहुधा मधून नव्हे, बुडातून नाहीतर कडेनं. दगड उलटताना आधी कुदळीनं हलवायचा, खाली विंचू असतो. अनवाणी कुणी नको.

थर विटांसारखे सांधेमोड करून लाव, प्रत्येक थरावर चिखल आणि पायांनी तुडवणी. या तुडवणीत मुलं अशी रमतात की जेवायला हाका माराव्या लागतात. मध्ये दोन गोण्यांएवढी वाट पाण्याला ठेवून काठाकडून आत ये. ही वाट शेवटी बुजवायची, आणि तिथेच धार सगळ्यात जोरात असते. पंधरा-वीस गोण्या भरून शिवून हाताशी ठेव आणि एका दमात लाव, ते मोठ्यांचं काम. माथ्यावर मध्यभागी एक थर कमी ठेव, तोच सांडवा.

पाणी चढायला लागलं की गळती दिसते. मुलं खालच्या अंगाला चिखल थापायला धावतात, पण तिथला चिखल पाणी बाहेर ढकलून देतं. वरच्या अंगानं थापलास तर तेच पाणी तो फटीत दाबतं. भोक शोधायला वरच्या बाजूला मूठभर माती पाण्यात कालवून सोड. गढूळ रेघ जिथे ओढली जाते तिथे भोक.

मोहन धारियांच्या ‘वनराई’ या संस्थेवरून या बंधाऱ्याला नाव मिळालं, हे मुलांना सांगशीलच. पण त्यांच्या हाती एक खुणा केलेली काठी आणि वही दे. दर शनिवारी दोघांनी बंधाऱ्यातलं पाणी मोजायचं, जवळच्या विहिरीत दोरीला दगड बांधून खोली घ्यायची. विहिरीशी कठड्याबाहेर वाकायचं नाही, आणि दोन्हीकडे शिक्षक सोबत हवाच. खेकड्यांनी बांध पोखरला तर ते याच दोघांना आधी कळेल.

आणि एक काम सगळे विसरतात. उन्हानं गोण्यांचे धागे सुटू लागतात. मेअखेरीस माती काठावर ओतून गोण्या गोळा कर, नाहीतर पहिल्या पुरात त्या थेट खाडीत जातील आणि जाळ्यांत अडकतील. शाळेला तेव्हा सुट्टी असते, म्हणून चार मोठ्या माणसांची नावं आत्ताच ठरवून टाक.

घमेली कमी पडली तर कळव, इथली बारा पाठवतो.

तुझाच,
मित्र