वकील, उद्योजक आणि मग महापौर

संपादक महोदय,
महापौरपदाला पक्षाबाहेरचा माणूस हवा की नको यावर सध्या सगळीकडे बोललं जातंय, म्हणून लॉस एंजेलिसच्या रिचर्ड रिओर्डन यांची आठवण झाली. वकिली केली, स्वतःची लॉ फर्म काढली, नवीन कंपन्यांमध्ये पैसे गुंतवून श्रीमंत झाले आणि 1993 मध्ये थेट महापौरपदाला उभे राहिले. तसे ते रिपब्लिकन, पण तिथे महापौराच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं आणि लोक महापौर थेट निवडतात, आपल्या महापालिकांसारखं नगरसेवकांच्या मतांवर नाही. स्वतःचे लाखो डॉलर प्रचारात घातले हे मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं, कारण साध्या माणसाने मग उभं कसं राहायचं? पण निवडून आल्यावर पगार घेतला वर्षाला फक्त 1 डॉलर.

17 जानेवारी 1994 ला पहाटे साडेचारला भूकंप झाला तेव्हा आम्ही तिथेच होतो, किचनमध्ये डाळींच्या बरण्या फुटून सगळीकडे तूरडाळ आणि काचा, मुलगी रडतेय, लाइट नाही. कोसळलेला सांता मोनिका फ्रीवे तीन महिन्यांच्या आत परत सुरू झाला, ते काम खरंतर राज्य सरकारचं, त्याचं सगळं क्रेडिट रिओर्डनना देणं चूक आहे, पण शहर सावरताना ते पुढे होते हे आम्ही पाहिलंय. 1997 ला लोकांनी त्यांना परत निवडून दिलं. 2023 मध्ये ते 92 व्या वर्षी गेले तेव्हा खूप वाईट वाटलं.

- एक वाचक, ठाणे