आई, रस्सा पुरे, चाप खा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, खाचरात धनगरांची मेंढरं बसलीत आणि कोकराचा वाटा मिळतोय म्हणालात, तर खुशाल घ्या. बरगडीचे चाप मागा आणि कडेची चरबीची पट्टी सुरीने काढून टाका. शिजलेल्या 100 ग्रॅम चापांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, पण ती पट्टी ठेवली तर चरबीही 20 ग्रॅमच्या वर जाते. आपलं नेहमीचं बोकडाचं मटण तेवढ्याच वजनाला जेमतेम 3 ग्रॅम. तेव्हा कोकरू एखाद्या रविवारी, तुमच्या कोलेस्टेरॉलला तेवढं चालेल.

आता आईचं. आई, तू जन्मभर तुकडे आमच्या ताटात वाढलेस आणि "ताकद रश्श्यातच असते" म्हणत स्वतः रस्साभात जेवलीस. नाही गं! प्रथिनं आणि लोह बहुतेक तुकड्यातच राहतं, रश्श्यात तेल आणि चव. तुझं बी-12 कमी आलंय आणि ते भाजीत नाही, भाकरीतही नाही. मटणातलं लोहसुद्धा पालेभाजीतल्यापेक्षा जास्त अंगी लागतं.

कवळीची सबब चालणार नाही. परसातल्या कच्च्या पपईचा चमचाभर कीस, आलं-लसूण, हिरवी मिरची, हळद आणि अगदी चिमूटभर मीठ लावून तासभर ठेव. जास्त ठेवलंस तर मांस पिठूळ होतं. बिडाचा तवा कडक तापव, चाप दोन्ही बाजूंनी लाल कर, मग आच उतरव. चमचाभर खोबरेल आणि ठेचलेली लसूण घाल, तवा जरा कलता धर आणि कडेला जमलेला रस डावाने परत परत चापांवर सोड. तो आत मुरत नाही, पण वरचा थर कोरडा पडू देत नाही, आणि लसणीचा वास असा सुटतो की शेजारची मांजर दारात. मग झाकण ठेवून पुरते शिजव, आतून गुलाबी ठेवायची हॉटेली फॅशन तुमच्या वयाला नको. कोकमाचं आगळ अगदी शेवटी, नाहीतर बिडाची कळकट चव येते. त्यात मीठ असतंच, वरून घालू नकोस, बाबांचं बीपी आहे.

बाबा, पहिले दोन चाप आईच्या ताटात तुम्ही वाढा. ती गुपचूप वाटीत काढून ठेवेल, लक्ष असू द्या. रविवारी मी व्हिडिओ कॉल करणार आहे, बरोबर जेवायच्या वेळेला.

तुमची,
धाकटी