दोस्ता, गाडी घेतली

महाल, नागपूर
१४ डिसेंबर २०२५

प्रिय दोस्ता,

गाडी घेतली! तीन महिने तुझं डोकं खाल्लं, म्हणून पहिलं पत्र तुलाच. २०१७ ची डिझायर, डिझेल, पांढरी, मीटरवर एक लाख अठरा हजार किलोमीटर. आकडा वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. माझ्याही पडल्या होत्या.

गाडी का हवी, ते तुला माहीत आहे. रोज बुटीबोरी, जाऊन-येऊन साठ किलोमीटर. मेट्रो खापरीपर्यंतच, पुढचं काम अजून चालू आहे, आणि रात्री बाराला पाळी सुटते तेव्हा तिचा उपयोग नाही. मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन बाईकवर काढलं. पण सप्टेंबरात एका रात्री वर्धा रोडवर ट्रकच्या चाकांचं पाणी तोंडावर आलं आणि दोन क्षण रस्ताच दिसला नाही. घरी पोचलो तेव्हा आई दारातच बसलेली, एक वाजता. त्याच रात्री ठरवलं.

महिन्याचे पंधराशे किलोमीटर होतात. डिझेल इथे पेट्रोलपेक्षा लिटरमागे तेरा-चौदा रुपयांनी स्वस्त, वर अ‍ॅव्हरेज जास्त. हिशेब केला तर महिन्याला तीनेक हजार वाचतात. बाबांना दिल्लीची धास्ती होती, तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली म्हणून. तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरता (एनसीआर), आपल्याकडे नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे ही २०३२ पर्यंत चालेल, हे कागद दाखवून समजावलं तेव्हा ते शांत झाले.

आता मुख्य गोष्ट. पहिली गाडी एका एजंटकडे पाहिली होती. तीच डिझायर, त्याच साली घेतलेली, पण मीटरवर फक्त बेचाळीस हजार. चमकत होती. मी टोकन द्यायच्या बेतात होतो. तरी आपल्या जुन्या मिस्त्रीला सोबत नेलं. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. आधी खाली वाकून पायडल पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, इतकी कमी चालली, तर ब्रेकचं रब्बर कशाले इतकं घासलं?" मग त्याने ड्रायव्हरचा सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची तपकिरी रेघ होती. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेले. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवलं, तर बारीक गाळ.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते ना? अंबाझरी ओसंडून वाहिला, नाग नदी वस्त्यांत शिरली, खालच्या भागात गाड्या बॉनेटपर्यंत बुडाल्या. त्यातल्या किती गाड्या नंतर धुऊन-पुसून बाजारात आल्या असतील! ही तशीच एक असावी. एजंट म्हणाला, पावसाळ्यात काच उघडी राहिली होती. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही. पाणी शिरलेल्या गाडीचं वायरिंग सहा महिन्यांनी, वर्षाने दगा देतं. तेव्हा घेणारा रात्री रस्त्यावर उभा असतो.

मिस्त्रीने रस्त्यातच सांगितलं, मीटरचा आकडा नको पाहू, ती कुठे चालली ते पहा. डिझेलला हायवे मानवतो. नुसती बाजारापर्यंत जाणारी गाडी नीट तापत नाही, काजळी धरते. बीएस-६ मध्ये, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या डिझेल गाड्यांत, तर डीपीएफ असतो, धुरातली काजळी अडवणारी जाळी; ती साफ व्हायलाच सलग पळणं लागतं. माझी आधीच्या नियमांची, बीएस-४ आहे, तिला डीपीएफ नाही.

दुसरी गाडी एका प्राध्यापिका बाईंची. आठवड्यातून दोनदा वर्ध्याला जात, आठ वर्षं. त्यांना आदल्या रात्रीच फोन करून सांगितलं, सकाळी आम्ही येईस्तोवर सुरू करू नका. सहा वाजता पोचलो, हात गारठले होते. मिस्त्रीने इंजिनवर तळवा टेकवला: थंडगार. बाईंनी किल्ली फिरवली आणि एका झटक्यात सुरू! तो कान लावून उभा, कारण या तेराशे सीसीच्या मल्टिजेट डिझेल इंजिनला टायमिंग चेन असते (इंजिनच्या आतली साखळी), ऑईल वेळेवर बदललं नसेल तर सुरू होताना खडखडते. खडखडली नाही. मग चालू इंजिनचं ऑईलचं झाकण उघडलं. भसाभसा धूर आला तर पिस्टन-रिंग गेल्या, म्हणजे इंजिन आतून झिजलं समज. आला तो हलका वाफारा. सायलेन्सरमधून निळा धूरही नाही.

जामठ्यापर्यंत चालवून पाहिली. चौथ्या गियरमध्ये कमी वेगावरून दाबली, दोन हजार आरपीएमला टर्बोने ओढ घेतली, क्लच घसरला नाही. परत आल्यावर बाईंनी फाईल समोर ठेवली: आठ वर्षांची सगळी बिलं, तारखेसकट. बिलांवरचे किलोमीटर क्रमाने जुळत होते. मला त्या फाईलनेच जिंकलं. चार लाख साठ हजारांत सौदा झाला, फार घासाघीस केली नाही.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. बाईंचं कर्ज फिटलेलं होतं, म्हणून बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी हातात घेतला, मगच पैसे दिले. विमा चौदा दिवसांत माझ्या नावावर करायचा आहे. त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्यांच्याकडेच राहतो, मला मिळत नाही, हे धरून हप्ता जास्त येईल.

महालातल्या गल्लीत उभी करायची सोय शेजारच्या काकांनी वाड्याच्या अंगणात करून दिली. काल रात्री पाळीवरून आलो तर आई झोपलेली होती. गाडी हळूच लावली, तिला जाग आली नाही.

जानेवारीत येतोस ना? तुझी रेल्वे अजनी स्टेशनला येत असेल तर कळव, मी घ्यायला येतो.

तुझाच