चि. मनूस

कोल्हापूर, बुधवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रात्री अडीचला तुझा मेसेज आला, "पप्पा, एमए सोडते." आईला अजून सांगितलेलं नाही. सोडायचं की नाही ते तुझं तू बघ, पण अडीचला जागी का होतीस?

तुझं म्हणणं, प्रत्येक पुराव्याला पुरावा लागतो, त्यालाही आणखी एक, आणि तळाशी आपोआप खरं असं काही सापडतच नाही. प्रमाणांना प्रमाण कुठलं, हे त्या बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानंच विचारून ठेवलंय म्हणतेस. मान्य. पण त्यावरून "मग काहीच खरं नाही" इथवर उडी? मी आयटीआयवाला माणूस. उद्यमनगरात सरफेस प्लेटी, म्हणजे सपाटपणा तपासायच्या प्लेटी, घासण्यात उमेदीची वर्षं गेली, तेवढ्यावर बोलतो.

पहिली सपाट प्लेट कशावर तपासली असेल? सपाट असं काही नव्हतंच. तीन ओबडधोबड प्लेटी घ्यायच्या. एकीला निळं लावून दुसरी तिच्यावर सरकवायची, रंग लागेल तो उंचवटा स्क्रेपरनं खरवडायचा. दोनच घेतल्या तर फसगत होते. एक फुगीर, दुसरी खोलगट, आणि दोघी झक्क जुळतात. तिसरी आली की बिंग फुटतं. फुगीर प्लेटीला जुळलेल्या दोन्ही खोलगट निघतात, एकमेकींवर ठेवल्या की नुसत्या कडा टेकतात. म्हणून तिन्ही आळीपाळीनं, मधूनमधून काटकोनात फिरवून घासायच्या. सगळ्या जोड्या जुळल्या की सपाट. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं १८४० साली ही रीत शास्त्रज्ञांच्या सभेत मांडली. कुठलीच प्लेट आधीपासून खरी नव्हती, तरी मायक्रॉनचं काम तिच्यावर चालतं.

नुसतं जुळलं म्हणजे खरं नव्हे, असं म्हणशील. बरोबरच आहे. पण रात्री तू आणि तुझी वही, दोघीच जुळवत बसताय. दिवसा कुणाशी तरी भांड की! मॅडमना विचारलंस? आणि चष्म्याचा नंबर? झोप नसली की...

झालं, लेक्चर सुरू. माफ कर. चौथीत तू नानांना विचारलेलंस, शून्याच्या आधी काय? नाना संध्याकाळपर्यंत गप्प. मी गल्लीभर सांगत सुटलो होतो. आता तसलाच प्रश्न अडीच वाजता आला की धस्स होतं. आक्कापण अशीच जागायची, तुला आठवत नसेल.

रविवारी आत्याकडे जेवायला जा. जमत नाही म्हणालीस तर ती डबा घेऊन हॉस्टेलवर येणार आहे, माझं बोलणं झालंय.

तुझा,
पप्पा