फुकट काही नाही, वसंता

अश्दोद, इस्रायल
14 जानेवारी 2026

प्रिय वसंता,

तू पाठवलेला मेसेज वाचला. इस्रायल शत्रूच्या पोरांनाही फुकट बरं करतं, आणि खाली हात जोडलेले. वर तुझा प्रश्न, "खरं ना रे? तू तर त्यांना गाडीतून नेतोस." फोनवर हे बोलायला घेतलं असतं तर आपण नेहमीसारखे अलिबागच्या मासळीवर घसरलो असतो. म्हणून लिहितोय, जरा सवड काढून वाच.

आधी पैशाचं. वेस्ट बँकेतला पेशंट, आणि 2023 च्या युद्धाआधी गाझातलाही, इकडे येतो तो बहुतेक वेळा पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालयाचा कागद घेऊन. 'नमुना एक' म्हणतात त्याला. उपचाराचा खर्च मंत्रालय देईल, अशी हमी. इस्पितळ त्यावर बिल लावतं. पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या, म्हणजे रामल्लातल्या पॅलेस्टिनी सरकारच्या वतीने जे कर इस्रायल गोळा करतं, त्यातून बिलाची रक्कम परस्पर कापूनही घेतली जाते. देणगीतून होणारे उपचार आहेत, नाही असं नाही. पण म्हणून सगळ्यालाच धर्मखातं म्हणू नकोस.

आता तो कागद मिळाला म्हणजे झालं, असंही नाही. गाझात कॅन्सरवरची रेडिओथेरपी नाही. त्यासाठी जावं लागायचं ते पूर्व जेरुसलेममध्ये, जैतुनाच्या डोंगरावरच्या ऑगस्टा व्हिक्टोरिया इस्पितळात. अंतर किती, तर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. आधी स्थानिक डॉक्टरची चिठ्ठी, मग नमुना एक, मग इस्पितळाची तारीख, आणि हे सगळं जोडून इस्रायली लष्करी कार्यालयाकडे परवान्याचा अर्ज. उत्तर तीन तऱ्हेचं: मंजूर, नामंजूर, किंवा 'तपासणी चालू आहे'. तिसरं सगळ्यात वाईट. नकार आला तर माणूस वकील गाठतो, फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्ससारख्या इथल्याच संस्थेकडे जातो, कोर्टात जातो. तपासणी चालू असली की दाद कशाविरुद्ध मागणार? तेवढ्यात तारीख उलटते. नवी तारीख घ्या, पुन्हा अर्ज करा. गाठ काही तारखेसाठी थांबत नाही.

जागतिक आरोग्य संघटना याचा हिशेब ठेवत आली आहे. 2012 साली गाझातल्या रुग्णांचे नव्वद टक्क्यांवर अर्ज वेळेत मंजूर होत. 2017 साली 54 टक्के. त्याच वर्षी परवान्याची वाट पाहता पाहता 54 माणसं गेली, त्यातली 46 कॅन्सरची. गाझावर राज्य करणाऱ्या हमासवाल्यांची नावं काढून टाकली म्हणून आकडा घसरला असं समजू नकोस, त्या अर्जांत लहान मुलं होती, म्हाताऱ्या होत्या.

तू म्हणशील, भीती खोटी आहे का? नाही. जून 2005 मध्ये भाजल्याच्या उपचारासाठी परवाना मिळालेली एक तरुणी गाझातून इस्रायलमध्ये येण्याच्या एरेझ नाक्यावर स्फोटकं अंगावर बांधून पकडली गेली होती. माझा नातू सैन्यात आहे, मला ही भीती शिकवावी लागत नाही. तपासा की. अंगावरचं सगळं तपासा, पिशवी उलटी करा. पण तपासायला महिना कशाला लागतो? आणि दोष एकाच बाजूचा नाही. 2017 मध्ये रामल्लातलं प्राधिकरण आणि गाझातला हमास यांच्या भांडणात 'नमुना एक'चा कागदच अडकून पडला होता. मे 2020 मध्ये प्राधिकरणाने इस्रायलशी समन्वयच तोडला, नोव्हेंबरपर्यंत. तेव्हा अर्ज नेऊन द्यायची नेहमीची सरकारी वाटच बंद झाली. दोन सरकारं रुसली की उपास पेशंटला.

मी ज्या संस्थेसाठी गाडी चालवतो ती युवाल रॉथ यांनी उभी केली. 1993 साली त्यांचा भाऊ उदी हमासच्या माणसांनी मारला. पुढे अशाच शोकग्रस्त कुटुंबांच्या मंडळात ओळख झालेल्या एका पॅलेस्टिनी माणसाने विचारलं, माझ्या आजारी भावाला हैफाच्या इस्पितळात सोडाल का? रॉथ गेले. 2006 पासून हे चालू आहे. काम साधं: नाक्यावरून पेशंट घ्यायचा, इस्पितळात सोडायचा, कधी परत आणायचा. टॅक्सीचं भाडं या लोकांना परवडत नाही, त्यांच्या नंबरप्लेटची गाडी इकडे येऊ शकत नाही.

वेस्ट बँकेच्या हद्दीवरच्या तर्कुमिया नाक्यावरून मी एका पोराला न्यायचो. सहा वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर, डोक्यावर लोकरी टोपी, तोंडावर मास्क. पहिल्यांदा मुलांच्या सीटचा पट्टा लावला तेव्हा भोकाड पसरलं त्याने. त्याला वाटलं बांधून ठेवतोय. सोबत आजी. आईबाप का नाहीत? तरुण आहेत म्हणून. तरुणांच्या नावावर तपासणी चालू राहते, आजीबाई लवकर सुटतात. आजीला हिब्रू येत नाही, डॉक्टरचं बोलणं कळत नाही. कंबरेत सुई घालायची संमती आईने फोनवरून दिली, आणि सुई टोचताना पोराच्या कानाशी फोन धरून ती पलीकडून गाणं म्हणत होती. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल घेऊन आजी बसायची, मी पाणी पुढे केलं तरी एक हात फाइलवरच.

एकदा एका नाक्यावर पोराचा परवाना चालू, आजीचा आदल्या दिवशी संपलेला. ड्यूटीवरची मुलगी माझ्या नातीच्या वयाची. नीट बोलली, दोनदा कॉम्प्युटरवर पाहिलं, वर फोन लावला. नाहीच. माघारी गेले दोघं. ती पोरगी दुष्ट नव्हती रे, तिथेच तर मेख आहे. अख्ख्या साखळीत कोणीही वाईट वागत नाही आणि पोराचा डोस चुकतो.

2023 च्या सात ऑक्टोबरला हमासने हल्ला केला, त्यानंतर घरात काय झालं ते तुला ठाऊक आहे. रिव्का महिनाभर गाडीच्या किल्ल्या लपवत होती. आमच्यातल्याच व्हिव्हियन सिल्व्हर त्या दिवशी गाझालगतच्या बेएरी गावात मारल्या गेल्या. एरेझवरून पेशंट नेणारे ओदेद लिफशित्झ तिथल्याच नीर ओझ गावातून पळवले गेले, फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांचा मृतदेह परत आला. शेजारी विचारतात, अजून जातोस? जातो. वेस्ट बँकेतल्यांना नेतो, कारण गाझाचा रस्ता त्या दिवसापासून बंद झाला.

युद्धाआधी गाझातून रोज पन्नास ते शंभर रुग्ण उपचाराला बाहेर जायचे. गाझातलं कॅन्सरचं एकमेव खास इस्पितळ, तुर्की मैत्री इस्पितळ, इंधनाअभावी नोव्हेंबर 2023 मध्ये बंद पडलं आणि मार्च 2025 मध्ये सैन्याने उडवून दिलं. त्यानंतर पेशंट गेले ते परदेशी, विमानाने अमिरातीला, इटलीला, आणि तेही ज्यांचा नंबर लागला ते. 2025 च्या अखेरीस पंधरा हजारांवर लोक यादीत होते. जुलै 2024 ते नोव्हेंबर 2025 एवढ्या काळात वाट पाहताना हजाराच्या वर माणसं मेली. तासा-दोन तासांवरचं ऑगस्टा व्हिक्टोरिया सोडून कॅन्सरच्या पोराला रोमला न्यायचं, हे कुठलं शहाणपण? जागतिक आरोग्य संघटना जेरुसलेमचा रस्ता उघडा म्हणून सांगून थकली.

माझ्या गाडीचं कौतुक करू नकोस. नाक्याच्या अलीकडचं भाडं वाचतं, एवढंच माझ्याने होतं. कोण नाका ओलांडणार हे मी ठरवत नाही, आणि आजार किती गंभीर आहे यावरूनही ते ठरत नाही. मला भांडायचं आहे ते याच्याशी. आमच्या सरकारला मी पत्रं लिहितो, मोर्चाला जातो, गुडघे दुखेपर्यंत उभा राहतो. तो पोरगा अजून येतो. आता पट्टा स्वतःच लावतो आणि मी उशीर केला की मलाच ओरडतो, अरबीत. सोबत अजूनही आजीच असते. आईचा अर्ज तपासणीत आहे.

वहिनींना नमस्कार. सुकट मिळाली, रिव्काने कुणालाही दिली नाही.

तुझा
शमुवेल