ओटा आधी बसून बघू द्या

महोदय,

आमच्या मंडईची नवी इमारत होऊन दोन वर्षं झाली, तरी आम्ही निम्म्या भाजीवाल्या अजून बाहेर रस्त्यालाच बसतो. ‘या बायकांना शिस्तच नाही’ असं लोक म्हणतात, म्हणून हे पत्र.

बांधायच्या आधी आम्हाला विचारलं नाही, असं नाही. बैठक झाली. पडद्यावर रंगीत मंडई गोल फिरवून दाखवली, झाडंबिडं होती तिच्यात. ‘काही सूचना?’ पुढच्या रांगेतले व्यापारी बोलले, आम्ही ‘छान आहे’ म्हटलं, सही केली, चहा घेतला. नंतर मोबाइलवर भरायचा फॉर्म आला. समोरचं गिऱ्हाईक टाकून तो कोण भरत बसणार?

आता ओटा माझ्या छातीला लागतो. वर चढायला क्रेट ठेवावा लागतो. उतार आतल्या बाजूला दिलाय, त्यामुळं कोथिंबिरीवर पाणी मारलं की ते माझ्याच मांडीखाली येतं. हे चित्रात दिसणार कसं? मला नकाशा कळत नाही; पण दीड हात आणि अडीच हात यातला फरक माझ्या कमरेला बरोबर कळतो.

बचत गटाच्या शिबिरात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांचं ऐकलं होतं. 1986 साली त्यांची महिला मिलन ही संघटना सुरू झाली. घर कसं हवं हे ठरवताना त्यांनी साडीनं मापं घेतली, आणि पुढं खऱ्या मापाचं नमुन्याचं घर उभं करून लोकांना आत फिरवलं. आमच्याकडं तर विटा येऊन पडलेल्याच होत्या. पाच-सहा थर रचायचे, आमच्यातल्या एखाद्या म्हातारीला वर बसवायचं, पुढ्यात तराजू, शेजारी पाटी. नाही जमलं तर एक थर काढायचा. खाली फक्कीनं रेघा मारल्या असत्या, तर दोघींच्या मधून पाटी जात नाही हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

सगळ्यालाच विटा लागत नाहीत. टेम्पो कुठं लागतात ते बघायला पहाटे चारला येऊन नुसतं उभं राहावं. संडासाचं मात्र बाप्यांसमोर कुणी बोलणार नाही; त्यासाठी एखाद्या इंजिनिअर बाईनं आमच्यात येऊन बसावं.

शेजारच्या गावात नवी मंडई मंजूर झाल्याचं परवा तुमच्याच पेपरात वाचलं. बैठकही ठरलीय म्हणे. विटा नसतील तर आमच्या मागच्या भिंतीशी अजून ढीग पडलाय, घेऊन जा म्हणावं.

आपली,
एक भाजीविक्रेती, सातारा जिल्हा