मुंबई सिटी आता कुणाच्या भरवशावर?

प्रिय सुदेश,

तुझं पत्र मिळालं. ‘सिटी ग्रुपवाले गेले, आता तुमचं कसं व्हायचं?’ असं तू विचारलंस. गोव्याचा माणूस असूनही त्यात चिडवणं नव्हतं, काळजी होती. म्हणून सविस्तर लिहितोय.

डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने, आमच्या मुंबई सिटी या फुटबॉल क्लबातली हिस्सेदारी सोडली आणि क्लब परत रणबीर कपूर आणि बिमल पारेख या मूळ मालकांकडे आला. स्टँडमधले आमचे काही जण म्हणतात, धंद्यासाठी आले होते, धंदा जमेना तसे निघून गेले. मला हे पुरतं पटत नाही. २०१९ ला त्यांनी ६५ टक्के हिस्सा घेतला, त्याआधीची आमची वर्षं आठव. पीटर रीड, अनेल्का, गिमारायस, कोस्टा. कोच बदलला की खेळायची पद्धतच बदलायची. या लोकांनी आधी ठरवलं कसं खेळायचं, मग त्याला साजेसा माणूस नेमला. लोबेरा कोच म्हणून आला, जाहू, फॉल, बुमू, मंदार हे खेळाडूही तुमच्या एफसी गोवाकडून आमच्याकडे आले. तो राग तुझ्या मनात अजून आहे आणि तो रास्त आहे. पण मार्च २०२१ ची इंडियन सुपर लीगची फायनल तुमच्याच फातोर्ड्यात झाली ना? नव्वदावं मिनिट, १-१. एटीके मोहन बागानचा गोलकीपर अरिंदम गोल सोडून पुढे आला, ओगबेचेने चेंडू काढून घेतला, बिपिनकडे सरकवला आणि बिपिनने तो जाळ्यात धाडला. एकाच मोसमात साखळीत पहिलं येण्याची शील्डही आणि फायनलचा कपही! मी घरात टीव्हीसमोर अक्षरशः नाचलो होतो.

नंतरचे कोच बकिंगहॅम आणि क्रात्की दोघेही मेलबर्न सिटीतून आले, म्हणजे त्याच मालकांच्या क्लबात तयार झालेले. म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये बकिंगहॅम मोसम अर्धवट टाकून इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेड क्लबात गेला तरी संघ विस्कटला नाही. मे २०२४ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून कप आणलाच. नेमणुकांच्या बाबतीत मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देईन.

घोडं पेंड खाल्लं ते पैशाच्या बाजूला. अंधेरीचं मैदान तुला ठाऊक आहे. आझाद नगर मेट्रोतून उतरलं की निळ्या जर्सींची रांग, आत उत्तरेच्या स्टँडमध्ये ढोल. पण ते मैदान आपलं नाही, क्रीडा संकुलाचं आहे. आणि प्रेक्षक मावणार किती, जेमतेम सात-आठ हजार. एवढ्या तिकिटांवर परदेशी कोच आणि खेळाडूंचे पगार निघत नाहीत. मग भिस्त राहते ती मालकाच्या खिशावर आणि लीगच्या पैशांवर. भारतीय फुटबॉल फेडरेशनचा लीग चालवणाऱ्या कंपनीशी असलेला १५ वर्षांचा करार संपत आला, नव्या निविदेला एकही बोली आली नाही आणि सगळंच अडकलं. सहा वर्षांत या शहरात स्वतःची मुळं धरायला हवी होती. शाळांमधून, लोकलच्या डब्यांतून, डिलाईल रोडपासून विरारपर्यंत. जाहिरातदार मिळवले, शेजारी मिळवले नाहीत.

मला भीती कसली वाटते सांगू? महिंद्रा युनायटेड. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ २०१० मध्ये कंपनीने बंद केला. २०१९ मध्ये पुणे सिटी गेली, त्याआधी मुंबई एफसी गेली. दरवेळी निर्णय बंद खोलीत झाला आणि आम्हाला पेपरात वाचायला मिळाला.

म्हणून आमच्या गटाने मालकांना पत्र द्यायचं ठरवलंय. मागण्या दोनच. पुढचा स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे कोच-खेळाडू निवडणारा माणूस, असा नेमा, ज्याला मुंबईच्या कूपरेज मैदानावरची पोरं नावानिशी माहीत आहेत. आणि क्लब विकायचा, हलवायचा किंवा बंद करायचा विषय निघाला, तर चाहत्यांच्या प्रतिनिधीला आधी बोलावून सांगा. जर्मनीत क्लबच्या सदस्यांकडे बहुमत असतं. आम्ही नुसतं ऐकून घ्या म्हणतोय.

मसुदा सोबत पाठवतोय. तुमच्या एफसी गोवाच्या मंडळींना वाचायला दे आणि पटला तर त्यांच्याही सह्या घे. एकट्या मुंबईच्या कागदाला कोण विचारतं? दोन क्लबांचे लोक मिळून आले तर निदान उत्तर तरी द्यावं लागेल. रविवारच्या आत कळव.

वहिनींना आणि आईंना नमस्कार.

तुझा,
अमोल